टायरचा पिवळा दिवा आणि डिकीतली स्टेपनी : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की या सदराकडे टायरविषयीची पत्रे एकदम वाढतात. नव्या गाड्यांमध्ये हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी टीपीएमएस यंत्रणा आता सर्रास येऊ लागल्यामुळे यंदा बहुतेक पत्रे त्या पिवळ्या दिव्याबद्दल आणि त्याच्या जोडीने स्टेपनीबद्दल आहेत. म्हणून या अंकात हाच एक विषय घेतला आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त परिसराचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाच्या सुमारास गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला दिवा लागतो. थोडे अंतर गेल्यावर तो आपोआप विझतो आणि दुपारी गाडी काढली तर लागतच नाही. पंक्चर तपासून घेतले, काहीही निघाले नाही. पेट्रोल पंपावर सांगण्यात आले की सेन्सर बिघडला आहे, लक्ष देऊ नका. हे बरोबर आहे का? — एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : सेन्सर बिघडलेला नसावा, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तो त्याचे काम चोख करत आहे असेच दिसते. टायरमधील हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो आणि तापली की चढतो. नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते आणि त्याच दिवशी दुपारी ते अठ्ठावीस-तीस अंशांवर पोहोचते. निफाडकडचा गारठा तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सर्वसाधारण मोटारीच्या टायरमध्ये दर सहा-सात अंशांच्या फरकामागे सुमारे १ पीएसआय (पंपावर हवा मोजण्याचे एकक) दाब कमी-जास्त होतो.

आता आपण हवा केव्हा भरता ते आठवून पाहा. बहुतेक जण दिवसाची कामे उरकून, द्वारका किंवा मुंबई नाक्याची गर्दी ओलांडून, पेट्रोल भरता भरता हवा भरून घेतात. त्या वेळी टायर तापलेले असतात. टायरमधील हवा ४५ अंशांवर असताना मीटरवर ३३ पीएसआय भरले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे १० अंशांवर तीच हवा जवळपास २८ दाखवते. मधल्या काळात हवेचा एक कणही गळालेला नसतो. शिवाय धडधाकट टायरमधूनही रबरातून झिरपून महिन्याला १ ते २ पीएसआय हवा कमी होतच असते. दीड-दोन महिने हवा पाहिली नसेल, तर पहाटेचा आकडा पंचविसापर्यंत घसरायला वेळ लागत नाही. ही यंत्रणा साधारणपणे कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २० ते २५ टक्के कमी झाली की दिवा लावते. गाडी चालू लागल्यावर टायर तापतो, दोन-तीन पीएसआय वाढतात आणि दिवा विझतो.

म्हणूनच दिवा विझला याचा अर्थ हवा पुरेशी झाली असा मुळीच नाही. ती धोक्याच्या रेषेच्या किंचित वर आली, एवढेच त्यातून कळते. ३३ हवी असताना २७ वर गाडी दिवसभर धावत राहिली तरी दिवा गप्प राहू शकतो, आणि तेवढ्या वेळात टायरच्या दोन्ही कडा झिजत राहतात, इंधन जास्त लागते आणि टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा अधिक वाकून तापत राहते. कमी हवेच्या टायरमध्ये निर्माण होणारी ही उष्णता हे वेगात टायर फुटण्याचे एक प्रमुख कारण आहे. दिव्याला हवेचा मीटर समजू नये, ही या सदराची वाचकांना कळकळीची विनंती आहे.

आपण एक साधा हातमीटर विकत घ्यावा. गाडी किमान तीन तास उभी राहिलेली असताना, म्हणजे शक्यतो सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी, चारही चाकांची हवा त्यावर पाहावी. किती हवी याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर, आणि काही गाड्यांमध्ये पेट्रोलच्या झाकणाच्या आत, दिलेला असतो. तेथे माणसे व सामान कमी असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा असे दोन आकडे असतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरू नये. पंप घरापासून दूर असेल आणि टायर तापूनच तेथे पोहोचत असाल, तर स्टिकरवरील आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून दुसऱ्या दिवशी सकाळी हातमीटरने पुन्हा पाहावे आणि जास्तीची हवा तेव्हा सोडावी. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो म्हणून तेथल्या तेथे हवा सोडणे ही याच्या उलट चूक आहे आणि मे महिन्यात ती फार जण करतात.

एवढे करूनही दर आठवड्याला एकाच चाकाची हवा कमी भरत असेल, तर बारीक खिळा, गंजलेली किंवा वाकलेली रिम अथवा सैल व्हॉल्व्ह यांचा शोध घ्यावा. चाक पाण्याच्या टाकीत बुडवून तपासायला सांगावे. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी लावले तर तेथील गळती लगेच दिसते.

प्रश्न : पंक्चर काढून घेतले, चारही चाकांत ३३ हवा भरली, तरी दिवा जात नाही. माझ्या मित्राच्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, माझ्या गाडीत नुसता दिवा आहे. — सिडको

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यातच उत्तराचा धागा आहे. या यंत्रणेचे दोन प्रकार असतात. मित्राच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर आहे. तो प्रत्यक्ष दाब मोजतो आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. आपल्या गाडीत बहुधा चाकात काहीच नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या, ब्रेकसाठी प्रत्येक चाकाची गती मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याच आधारे गाडी अंदाज बांधते. हवा कमी झालेले चाक किंचित दबते, त्याचा घेर कमी होतो आणि तेवढेच अंतर कापायला त्याला इतर चाकांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. हा फरक लक्षात आला की दिवा लागतो.

अशा गाडीला 'आता हवा बरोबर आहे' हे आपणच सांगावे लागते. चारही टायर थंड असताना हवा स्टिकरप्रमाणे करावी आणि मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रिसेटचे बटण दाबावे किंवा पडद्यावरील मेनूतून तो पर्याय निवडावा. त्यानंतर काही वेळ गाडी नेहमीसारखी चालवली की ती नवी स्थिती शिकून घेते. टायर बदलल्यावर, चाकांची अदलाबदल केल्यावर किंवा हवा भरल्यावर हे पुन्हा करायचे असते.

येथे एक गोष्ट फार गांभीर्याने सांगावीशी वाटते. दिवा लागलेली गाडी घेऊन ग्राहक आला की हवा न पाहताच रिसेट करून दिवा घालवून देण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. गाडी बाहेर आणल्यावर दिवा विझलेला दिसतो, ग्राहकाचे समाधान होते. प्रत्यक्षात २५ पीएसआयवरचे चाक हेच आता गाडीच्या लेखी योग्य चाक ठरलेले असते आणि त्याहूनही बरीच हवा जाईपर्यंत ती काही बोलणार नाही. रिसेट नेहमी हवा भरल्यानंतर आणि स्वतःच्या डोळ्यांदेखत मीटर पाहूनच करावे. या प्रकारची आणखी एक मर्यादा अशी की चारही चाकांची हवा महिनोन् महिने सारखीच उतरत गेली, तर चाकाचाकांत फरक न पडल्यामुळे ते तिच्या लक्षात न येण्याची शक्यता असते.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या गाडीत हा दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो. हवा व्यवस्थित आहे. — सिन्नर

उत्तर : स्थिर लागणारा दिवा हवेबद्दल बोलतो, आधी लुकलुकून मग स्थिर होणारा दिवा बहुतेक गाड्यांमध्ये यंत्रणेतच दोष असल्याचे सांगतो. चाकातील सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि बहुतेक सेन्सरमध्ये ती वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. आपल्या गाडीचे वय पाहता हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. कोणत्या चाकाचा सेन्सर गेला ते स्कॅनर लावून कळते. नवे टायर घालण्याची वेळ जवळ आली असेल तर तेव्हाच सेन्सर बदलून घ्यावा, म्हणजे टायर रिमवरून दोनदा उतरवावा लागणार नाही. नवा सेन्सर गाडीच्या यंत्रणेत नोंदवून घेतला आहे याची खात्री करूनच दुकानातून निघावे. तोवर दर पंधरा दिवसांनी हातमीटरने हवा पाहिलीत तर गाडी चालवायला हरकत नाही.

जाता जाता : सेन्सर असलेल्या धातूच्या व्हॉल्व्हवर शोभेची पितळी टोपी लावू नये. दोन वेगळ्या धातूंच्या संपर्कामुळे, विशेषतः पावसाळ्यात, ती गंजून अशी बसते की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. प्लॅस्टिकची साधी टोपी सर्वांत चांगली.

प्रश्न : नाशिकला नीट भरलेली हवा मुंबईला पोहोचून दुसऱ्या दिवशी पाहिली तर कमी दिसते. कसारा घाटात टायरला काही होते का? — इंदिरानगर

उत्तर : टायरला काही होत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मीटर टायरच्या आतील आणि बाहेरील हवेच्या दाबांतला फरक दाखवतो. खाली उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो आणि तेवढ्याने मीटरवरील आकडा साधारण १ पीएसआय कमी होतो. मुंबईची उबदार हवा हिवाळ्यात हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखेच तापमान असेल तर तो दिसून येतो. मुक्काम मोठा असेल तर तेथे सकाळी एकदा हवा पाहून घ्यावी. एका दिवसाच्या फेरीसाठी त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न : समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना मागचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी काढली तर तिच्यात जेमतेम निम्मी हवा होती आणि ती इतर चाकांपेक्षा लहानही निघाली. तशीच लावून हळूहळू गेलो. चाक बदलूनही दिवा शेवटपर्यंत लागलेलाच होता. आमचे काय चुकले? — एक गृहिणी, नाशिक रोड

उत्तर : आपण वेग कमी ठेवलात हे फार चांगले केलेत. जे चुकले ते घरून निघण्यापूर्वीचे आहे, आणि ते इतक्या घरांत घडते की या उत्तराला थोडी जास्त जागा देत आहोत.

स्टेपनीची हवा कोणी पाहत नाही. सर्व्हिसिंगच्या यादीत ती असते, पण डिकीतील सामान, चटई आणि पुठ्ठा उचलून तिच्यापर्यंत हात पोहोचतोच असे नाही. आधी सांगितल्याप्रमाणे महिन्याला एक-दोन पीएसआयने ती रिकामी होत असते, त्यामुळे वर्षभरात निम्मी हवा उरणे यात नवल नाही. शिवाय बहुतेक गाड्यांत स्टेपनीमध्ये सेन्सर बसवलेला नसतो, म्हणजे तिची हवा गेल्याची सूचना कोणताही दिवा देत नाही. सेन्सर नसलेली स्टेपनी लावल्यावर गाडीला एका चाकाकडून निरोप येणे थांबते आणि म्हणून दिवा लागून राहतो. मूळ चाक दुरुस्त करून परत बसवले, हवा भरली आणि थोडे अंतर गाडी चालवली की तो जातो. गाडी चाकांच्या गतीवरून अंदाज बांधणारी असेल, तर लहान घेराच्या स्टेपनीमुळे दिवा लागणे साहजिकच आहे. अशा वेळी केवळ दिवा घालवण्यासाठी रिसेट करू नये.

स्टेपनीचा आकार इतर चाकांएवढाच आहे की लहान, हे आजच पाहून ठेवावे. आपल्याकडे अनेक गाड्यांना चार अलॉय चाके आणि एक इंचाने लहान लोखंडी स्टेपनी मिळते. काही गाड्यांत तर अरुंद, केवळ तात्पुरत्या वापराचे चाक असते आणि त्यात साधारण ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट, हवा भरायची असते. ते चाकावर लिहिलेले असते, पण पंक्चरवाल्याने सवयीने ३३ भरली तर कोणाच्या लक्षात येत नाही. अशा लहान चाकावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० पर्यंत परवानगी असल्यामुळे आजूबाजूची वाहने फार वेगाने जातात. म्हणून लहान स्टेपनीवर तेथे लांबचा प्रवास करू नये. डावीकडच्या लेनने जाऊन पहिल्याच इंटरचेंजला उतरावे आणि मूळ चाक दुरुस्त करून घ्यावे. महामार्गावर चाक बदलण्याची वेळ आलीच, तर आधी धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोणी फलक बऱ्याच मागे नेऊन ठेवावा आणि मुलांना व वडीलधाऱ्यांना गाडीत किंवा गाडीजवळ न थांबवता कठड्यापलीकडे उभे करावे. पंक्चर चाक रस्त्याच्या वाहत्या बाजूला असेल आणि जागा अपुरी असेल, तर स्वतः पाना हातात न घेता मदत बोलवावी.

चाक बदलताना हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, तिरप्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत आणि मग जॅक लावावा. नवे चाक चढवल्यावर नट आधी हाताने फिरवून बसवावेत, जॅक उतरवल्यावर पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. एका बाजूने सलग आवळत गेल्यास चाक तिरके बसते. गाडीखाली लटकवलेली स्टेपनी असेल तर पावसाळा संपल्यावर ती एकदा खाली उतरवून पाहावी. साखळीत आणि स्क्रूमध्ये चिखल वाळून ते जाम होते आणि राहुड घाटात रात्री ते कळणे फार त्रासाचे असते.

प्रश्न : नव्या गाडीत स्टेपनीच नाही. एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर दिला आहे. विक्रेत्याने स्टेपनी काढून घेतली असावी असे घरचे म्हणतात. आम्हाला महिन्यातून एक-दोनदा पेठ आणि सुरगाण्याकडे जावे लागते. — पाथर्डी फाटा

उत्तर : गाडीच्या माहितीपत्रकात स्टेपनीचा उल्लेख आहे का ते पाहा, नसेल तर विक्रेत्याचा दोष नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली बदल करण्यात आला. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस या तिन्ही गोष्टी असतील तर स्टेपनी देण्याची सक्ती नाही. यामुळे जागा वाचते आणि वजन घटते. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीसाठी आणि सीएनजी गाड्यांत टाकीसाठी त्या जागेचा उपयोग होतो.

बाटलीतील द्रव खिळ्याएवढे, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे, आणि तेही टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागातील छिद्र बुजवते. धारदार दगडाने बाजूची भिंत चिरली, टायर फुटला किंवा खड्ड्यात रिम वाकली, तर तिचा उपयोग नाही. द्रव भरल्यावर ताशी ८० च्या आतच जवळच्या दुकानापर्यंत जावे आणि टायर उतरवण्यापूर्वी तेथील माणसाला आत द्रव भरल्याचे व सेन्सर असल्याचे सांगावे. सेन्सरचे छिद्र वेळीच स्वच्छ केले नाही तर ते बुजते. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती संपल्यावर बाटली बदलावी.

शहरात आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर हा संच बहुधा पुरतो. परंतु आपला नेहमीचा मार्ग पाहता, डिकीत जागा असेल तर योग्य मापाचे एक चाक, जॅक आणि पाना विकत घ्यावा, असेच आमचे स्पष्ट मत आहे. त्या भागात पावसाळ्यात रस्त्याच्या कडा तुटलेल्या असतात, दुकाने दूर असतात आणि कित्येक ठिकाणी फोनची रेंजही मिळत नाही. रिमचे माप, नटांची संख्या आणि मधल्या छिद्राचा व्यास गाडीशी जुळतो का, हे प्रत्यक्ष चाक चढवून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.

प्रश्न : नायट्रोजन भरला तर हा दिव्याचा त्रास संपेल का? — जेल रोड

उत्तर : नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडी-उष्णतेने त्याचाही दाब जवळजवळ तसाच बदलतो. तो कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. आधी नायट्रोजन असलेल्या टायरमध्ये वाटेत साधी हवा भरण्यास काहीही हरकत नाही. नायट्रोजन मिळत नाही म्हणून कमी हवेवर गाडी चालवत राहणे मात्र धोक्याचे आहे.

प्रश्न : स्टेपनी एकदाही वापरलेली नाही, नक्षी नव्यासारखी आहे. पुढचा एक टायर झिजला, तर त्या जागी ती कायमची लावू का? गाडी २०१७ ची आहे. — मखमलाबाद

उत्तर : लावू नये. टायरच्या कडेवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. तेथे २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. रबर न वापरताही जुने होते आणि कडक पडते. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांपलीकडे तो गाडीवर ठेवू नये, असे टायर उद्योगात सर्वसाधारणपणे मानले जाते. शिवाय पुढच्या दोन चाकांपैकी एक झिजलेले आणि एक कोरे असले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढण्याची शक्यता असते. पुढचे टायर जोडीनेच बदलावेत. काढलेल्या दोहोंपैकी कमी झिजलेला आणि कडेला भेगा नसलेला टायर स्टेपनीच्या रिमवर चढवता येईल. मात्र तो त्याच मापाचा असावा आणि त्याच्यावरील चार आकडे आताच्या स्टेपनीपेक्षा अलीकडच्या वर्षाचे असावेत.